जिवावरचे खेळ आणि भरपाईचा कायदा



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा 'मौत का कुआँ' हे नाव ऐकून त्यांच्यापैकी एकदोघे हसले. कामगार चळवळीत तीस वर्षे घालविलेल्या माणसाने गिरण्यांवर बोलावे, संपांवर बोलावे; जत्रेतल्या मोटारसायकलवाल्यावर काय बोलावे, असे त्यांना वाटले असावे. त्यांचे हसणे मला गैर वाटले नाही. मीही एके काळी असाच हसलो असतो. माझे शिक्षण आठवीपर्यंतचे. कारखान्यात फिटर म्हणून हात काळे केले, आणि जे काही वाचले ते आपल्या गावच्या वाचनालयात, संध्याकाळी. तेव्हा पंडिताचे व्याख्यान माझ्याकडून अपेक्षू नका. एक प्रश्न मला फार वर्षांपूर्वी एका बाईने विचारला होता. त्याचे उत्तर मला त्या वेळी देता आले नाही. ते उत्तर शोधता शोधता जो इतिहास हाती लागला, तो आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

आधी खेळ डोळ्यांपुढे आणू. जत्रेच्या मैदानात, पाळण्याच्या शेजारी, लाकडी फळ्यांची एक गोल विहीर उभी असते. तळाशी थोडा उतार, आणि त्यावर सरळ उभी भिंत. प्रेक्षक वरच्या कठड्याशी उभे राहून खाली पाहतात. खाली मोटारसायकल सुरू होते, उतारावर दोन फेऱ्या घेते आणि बघता बघता उभ्या भिंतीवर चढते. मग स्वार हात सोडतो, बाजूला बसतो, कठड्यावरून कोणी दहाची नोट पुढे केली तर ती टिपून घेतो. कधी जुनी मारुती मोटारही भिंतीवर फिरते. ह्यात जादू काही नाही. वेगामुळे चाक भिंतीवर दाबले जाते आणि रबराचे घर्षण त्याला खाली सरकू देत नाही. तीस फूट व्यासाच्या विहिरीत ताशी तीस किलोमीटरच्या वर वेग राखावा लागतो, असे साधे गणित सांगते. वेग त्याखाली गेला, साखळी तुटली, इंजिन अडखळले, फळीचा बोल्ट ढिला झाला किंवा टायरखाली तेल आले, की संपले. म्हणजे ह्या माणसाचा जीव त्याच्या धाडसावर जितका अवलंबून असतो, तितकाच तो यंत्राच्या आणि लाकडाच्या देखभालीवर अवलंबून असतो. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. कारण 'धाडस त्याचे, म्हणून जोखीम त्याची' असे आपण सहज म्हणतो. पण बोल्ट कोणाचा, हे आपण विचारीत नाही.

१९९९ सालची चैत्री जत्रा. आमच्याच तालुक्यातला एक माणूस, वय पुरते तीस, एका फिरत्या खेळात ही मोटारसायकल चालवीत असे. पूर्वी तो गॅरेजात होता, म्हणून माझ्या ओळखीचा. दुसऱ्या दिवशी रात्रीच्या खेळात तो भिंतीवरून कोसळला, आणि तिसऱ्या दिवशी दवाखान्यात वारला. मागे बायको आणि दोन मुले. खेळाचा मालक दुष्ट होता असे मी म्हणणार नाही. त्याने दवाखान्याचे पैसे दिले, तो रडलाही. पण बोलणी करावयाची वेळ आली तेव्हा त्याने पेटीतून एक स्टॅम्पपेपर काढला. 'मी हा खेळ स्वखुशीने करीत आहे. माझे काही बरेवाईट झाल्यास मालक जबाबदार राहणार नाही', असा मजकूर, आणि खाली मयताची सही. मालक म्हणाला, "कायद्याने मी काही लागत नाही. तरी माणुसकी म्हणून पंचवीस हजार देतो."

मध्यस्थ म्हणून मीच बसलो होतो. त्याच्या बायकोला मी म्हणालो, "वहिनी, घ्या. मिळतंय तेवढं पदरात पाडून घ्या." ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "भाऊ, त्या कागदावर सही ह्यांची आहे. ती माझ्या पोरांचीपण धरायची का?"

मी कामगारांचा पुढारी म्हणवून घेत होतो. आणि मला उत्तर ठाऊक नव्हते. तिने पैसे घेतले. मालकाने आपली विहीर उकलली, ट्रकवर लादली आणि तो पुढच्या जत्रेला गेला.

बंधुभगिनींनो, त्या बाईचा प्रश्न मला तेव्हा भाबडा वाटला होता. पुढे वाचू लागलो तेव्हा कळले, की हाच प्रश्न इंग्लंडच्या न्यायालयापुढे १८८२ साली आला होता, आणि तोसुद्धा एका विधवेनेच विचारला होता. त्या खटल्यापर्यंत येण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे.

१८३७ साली इंग्लंडमध्ये प्रिस्टली नावाच्या एका खाटकाच्या नोकराचा खटला गाजला. मालकाची गाडी प्रमाणाबाहेर लादलेली होती. ती मोडली आणि नोकराची मांडी मोडली. पंचांनी त्याला १०० पौंड देवविले. परंतु वरच्या न्यायाधीशांनी तो निकाल फिरविला. त्यांचे म्हणणे असे, की नोकराला धोका दिसत होता. त्याने नकार द्यावयाचा होता. ह्या एका निकालावर पुढे साठ वर्षे मालकवर्गाने तीन भिंती उभ्या केल्या. पहिली भिंत, जाणूनबुजून पत्करलेल्या धोक्याची: कामात धोका आहे हे ठाऊक असून तू आलास, तेव्हा तक्रार करू नकोस. दुसरी, सोबत्याच्या चुकीची: तुझ्या सोबत्याने चूक केली तर त्याला मालक काय करणार? आणि तिसरी, स्वतःच्या चुकीची: तुझाही थोडा निष्काळजीपणा होता, म्हणून तुला काहीच नाही. ह्या तीन भिंतींच्या आत कामगार सापडला की त्याला बाहेर पडण्यास वाट नव्हती. आमच्या मोटारसायकलवाल्याच्या विहिरीला तरी वरून तोंड उघडे असते.

१८८० साली इंग्लंडच्या पार्लमेंटने मालकांच्या जबाबदारीचा कायदा करून ह्या भिंतींना थोडी खिंडारे पाडली. लगेच मालकांनी तोड काढली. कामावर घेतानाच लिहून घ्यावयाचे, की ह्या कायद्याचा लाभ मी घेणार नाही. १८८२ साली डडली येथील सरदाराच्या खाणींतील एका मयत कामगाराच्या विधवेने दावा लावला, तेव्हा हा करार पुढे करण्यात आला. न्यायालयाने निकाल दिला, की करार चांगला आहे आणि तो विधवेवरही बंधनकारक आहे. नवऱ्याची सही बायकोची धरावयाची, पोरांचीही धरावयाची. आमच्या जत्रेतल्या मालकाने इंग्लंडचा कायदा वाचला नव्हता. पण त्याच्या पेटीतला कागद हा त्या १८८२ च्या कागदाचाच वंशज होता.

हा निकाल टिकला नाही, ही मात्र मनुष्यजातीच्या शहाणपणाची गोष्ट आहे. १८९१ साली इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायपीठाने रेल्वेच्या कामावरील एका मजुराच्या खटल्यात पहिल्या भिंतीलाच सुरुंग लावला. तो मजूर खडक फोडण्याचे काम करी आणि त्याच्या डोक्यावरून यारीने दगड नेले जात. एक दगड पडून तो जखमी झाला. त्याला धोका ठाऊक होता, हे खरे. पण धोका ठाऊक असणे म्हणजे धोक्याला संमती देणे नव्हे, असे न्यायाधीशांनी ठरविले. पुढे १८९७ साली कामगारांच्या भरपाईचा कायदा आला. चूक कोणाची हे विचारूच नये, काम करता करता अपघात झाला एवढे पुरे, हे नवे तत्त्व त्या कायद्याने आणले. अपघात हा धंद्याच्या खर्चातलाच एक भाग आहे. कोळसा लागतो, तेल लागते, तशी माणसाची हाडेही झिजतात आणि मोडतात. तो खर्च ज्याचा धंदा त्याने सोसावा, असा त्याचा अर्थ.

आता आपल्याकडे वळू. आपल्याला वाटते की हे सारे साहेबाच्या देशातून आले. पूर्णतः तसे नाही. १८८४ साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन सरकारने नेमलेल्या आयोगापुढे ठेवले. आठवड्याची सुट्टी आणि दुपारची विश्रांती ह्या मागण्या आपण पाठ्यपुस्तकांतून ऐकल्या आहेत. पण त्याच निवेदनात आणखी एक मागणी होती: कामावर जखम झाल्यास बरा होईपर्यंत कामगाराला पूर्ण पगार मिळावा; आणि तो जन्माचा पंगू झाल्यास त्याच्या निर्वाहाची योग्य सोय व्हावी. इंग्लंडच्या १८९७ च्या कायद्याच्या तेरा वर्षे आधी परळच्या कामगाराने हे मागितले होते, आणि तेही चूक कोणाची ह्याचा वाद न घालता.

त्याच १८८४ साली जर्मनीत बिस्मार्कच्या सरकारने अपघात विम्याचा कायदा केला. बिस्मार्क काही कामगारांचा कैवारी नव्हता. समाजवाद्यांच्या पायाखालची जमीन काढून घ्यावी हा त्याचा हेतू होता. परंतु कायदा मात्र पक्का केला. एकेका धंद्यातल्या मालकांनी सक्तीने एकत्र यावयाचे, सर्वांनी वर्गणी भरावयाची, आणि पूर्ण पंगू झालेल्या कामगाराला पगाराचा दोनतृतीयांश भाग पेन्शन म्हणून द्यावयाचा. मालक बुडाला तरी पेन्शन बुडत नाही. इंग्लंडच्या आणि जर्मनीच्या वाटेतला फरक इथे आहे, आणि आपल्या विषयाचे मर्मही इथेच आहे. इंग्लंडने कामगाराला मालकाविरुद्ध हक्क दिला. जर्मनीने हक्काबरोबर पैशाची थैलीही आधी भरून ठेवली.

हिंदुस्थानात १८५५ सालच्या एका कायद्याने, दुसऱ्याच्या दोषामुळे माणूस मेल्यास त्याच्या कुटुंबाला दावा लावता येऊ लागला होता. पण दोष सिद्ध करण्याचे ओझे त्या कुटुंबावरच होते. १९२३ साली कामगार भरपाईचा कायदा मंजूर झाला आणि १ जुलै १९२४ पासून तो लागू झाला. आरंभी मृत्यूची भरपाई तीस महिन्यांचा पगार किंवा २,५०० रुपये, ह्यांतील जी रक्कम कमी असेल ती. कायमचा पूर्ण पंगू झाल्यास बेचाळीस महिन्यांचा पगार किंवा ३,५०० रुपये. रकमा तुटपुंज्या होत्या आणि यादीही आखूड होती. ना. म. जोशी ह्यांच्यासारखी माणसे मध्यवर्ती कायदेमंडळात आणि बाहेर झगडत राहिली, आणि यादी हळूहळू लांबत गेली. तथापि त्या कायद्यात पहिल्यापासून दोन कलमे अशी होती, की ती मला १९९९ साली ठाऊक असती तर आज मी ह्या व्यासपीठावर वेगळ्या विषयावर बोलत असतो.

पहिले, सतरावे कलम. कामगाराने भरपाईचा हक्क सोडून देण्याचा जो कोणताही करार केला असेल, तो निरर्थक होय. म्हणजे ४१ वर्षांपूर्वी इंग्लंडच्या न्यायालयाने ज्या कागदाला चांगला म्हटले, त्याला आपल्या कायद्याने केराची टोपली दाखविली. त्या बाईच्या प्रश्नाचे उत्तर असे: वहिनी, ती सही तुमच्या पोरांची तर नव्हेच, पण कायद्यापुढे ती तुमच्या नवऱ्याचीसुद्धा नव्हे.

दुसरे, आठवे कलम. मृत्यूच्या बाबतीत भरपाईची रक्कम मालकाने परस्पर द्यावयाची नाही. ती आयुक्तांकडे भरावयाची, आणि आयुक्तांनी ती वारसांना वाटावयाची. कायदा करणाऱ्यांना ठाऊक होते, की प्रेताशेजारी बसलेली विधवा सौदा करू शकत नाही. माझ्यासारखे अडाणी मध्यस्थ तिला पंचवीस हजारांत राजी करतील, हेही त्यांना बहुधा ठाऊक असावे.

आता हिशेब ऐका. १९९५ सालच्या दुरुस्तीनंतर मृत्यूची भरपाई अशी काढीत: मासिक वेतनाचा निम्मा भाग घ्यावयाचा आणि वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणावयाचे. वेतन कितीही असले तरी त्या वेळी दोन हजारांपर्यंतच धरीत. आमच्या माणसाला खेळ चालू असताना महिन्याला त्याहून थोडे अधिकच मिळे. तिसाव्या वर्षाचा आकडा २०७.९८. म्हणजे एक हजार गुणिले २०७.९८, बरोबर दोन लाख सात हजार नऊशे ऐंशी रुपये. मी तिला पंचवीस हजार घ्यावयास सांगितले होते.

हे मी २००२ साली वाचनालयात कागदावर मांडले, तेव्हा माझ्या हातून पेन्सिल सुटली. दावा लावण्याची मुदत दोन वर्षांची; ती उलटून गेली होती. पण योग्य कारण असेल तर उशीर माफ करण्याचा अधिकार आयुक्तांना असतो. म्हणून मी तिच्या माहेरी गेलो. आम्ही दोघांनी पुरावा शोधला. हजेरीपट नव्हता. पगाराची पावती नव्हती. मालकाचा कायमचा पत्ता कोणालाही ठाऊक नव्हता. आपला नवरा ह्या मालकाकडे नोकरीला होता, हे दाखविणारा एकच लेखी पुरावा ह्या जगात होता, आणि तो म्हणजे तोच स्टॅम्पपेपर! 'मालक जबाबदार नाही' असे ज्यावर लिहिले होते, त्याच कागदावर 'हा माझा मालक' असेही लिहिलेले होते. ज्या कागदाला भिऊन आम्ही माघार घेतली, तोच आमचा साक्षीदार होता. आणि आम्ही तो मालकाच्या पेटीत परत जाऊ दिला होता. तेव्हापासून मी प्रत्येक कामगाराला सांगत आलो आहे, की असला कागद समोर आला तर तो फाडू नका, त्याला भिऊ नका. त्याची नक्कल मागून घ्या.

येथे कोणी विचारील, की जत्रेतला खेळाडू हा 'कामगार' होतो का? तो तर कलावंत. ह्यावर कायद्याची यादी बोलकी आहे. यंत्रशक्तीवर चालणारे वाहन चालविण्याच्या कामावर असलेला माणूस तीत आहे. हत्ती आणि रानटी जनावरे शिकविणारा आहे. चित्रपट तयार करणारा आहे. आणि पुढे 'सर्कशीत' नोकरीला असलेला माणूसही तीत आला. १८८० साली विष्णुपंत छत्र्यांनी ग्रेट इंडियन सर्कस उभी केली, आणि सर्कस हा मराठी माणसाच्या अभिमानाचा विषय झाला. त्या अभिमानाला कायद्यातला 'कामगार' हा शब्द जोडला जाण्यास मात्र फार काळ गेला. टाळ्या मिळाल्या म्हणून माणूस मजूर राहत नाही, हा आपला एक गोड गैरसमज आहे. खेळ कोणी ठरविला, तिकीट कोणी फाडले, वेळ कोणी सांगितली, मोटारसायकल कोणाची, हे पाहावे. ती सगळी मालकाची असतील, तर भिंतीवर चढणारा नोकरच होय.

आणखी एक आक्षेप असा, की त्याने हात सोडले, चूक त्याची. पण हात सोडण्यासाठीच तिकीट लावले होते. शिवाय कायद्याने दारू पिऊन किंवा सुरक्षेचा नियम मुद्दाम मोडून झालेल्या दुखापतीत मालकाला सूट दिली, ती मृत्यूच्या बाबतीत दिली नाही. मेलेल्या माणसाच्या चुकीचा दंड त्याच्या मुलांनी भरू नये, हा त्यातला न्याय.

जखमी होऊन जगलेल्याचे काय? इथे १९७५ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल उपयोगी आहे. ओरिसातील एका सिनेमागृहाच्या कामावर एक सुतार पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. मालकाचे म्हणणे, एक हात गेला, म्हणजे काही टक्के पंगुत्व. न्यायालयाने म्हटले, की एका हाताने सुतारकाम होत नाही. तेव्हा सुतार म्हणून तो पूर्ण पंगू झाला. आणि भरपाई देणे लागते ते अपघाताच्या दिवसापासून. ज्याचा घोटा जन्माचा ताठ झाला त्याला मोटारसायकलचा ब्रेक दाबता येणार नाही. डॉक्टरांच्या तक्त्यात तो थोडा पंगू असेल; भिंतीवर तो पूर्ण पंगू आहे.

मग कायदा इतका चांगला असून हे लोक उघड्यावर का? ह्याचे उत्तर मघाशी सांगितलेल्या थैलीत आहे. आपण इंग्लंडची वाट धरली. १९२३ च्या कायद्याने मालकावर जबाबदारी टाकली. पण त्याने विमा उतरवावाच अशी सक्ती केली नाही. मोठ्या गिरणीच्या बाबतीत हे चालून गेले. गिरणी कुठे पळून जात नाही, तिची जमीन असते, यंत्रे असतात. फिरत्या खेळाच्या मालकाची इस्टेट म्हणजे फळ्या, ताडपत्री आणि चार मोटारसायकली. तो मनाने कितीही चांगला असला तरी दोन लाख आणणार कोठून? १९४८ साली कर्मचारी राज्य विम्याचा कायदा झाला आणि त्याने खऱ्या अर्थाने विम्याची थैली उभी केली. पण ती ठरावीक ठिकाणच्या, ठरावीक संख्येच्या कारखान्यांसाठी आणि आस्थापनांसाठी. आज इथे, उद्या तिथे असणारी पाचसात माणसांची विहीर तिच्या बाहेरच राहिली. मोटारसायकलचा नेहमीचा विमा म्हणावा, तर तो रस्त्यावरच्या वापरासाठी. शर्यत आणि वेगाची चाचणी त्याने स्पष्ट शब्दांत वगळलेली. स्वतःचा अपघात विमा काढावा, तर धोक्याचे खेळ त्यातही बहुधा वगळलेले. अशा रीतीने विम्याची प्रत्येक खिडकी ह्या माणसाला पाहून बंद होते. मात्र मालकाने कामगार भरपाईची आपली कायदेशीर जबाबदारी विमा कंपनीवर सोपवावी, अशी पॉलिसी अस्तित्वात आहे. हप्ता कामाच्या धोक्याप्रमाणे आणि पगाराप्रमाणे ठरतो. पण त्यासाठी कोणाला किती पगार देतो हे मालकाला लिहून द्यावे लागते, म्हणजे हजेरीपट ठेवावा लागतो. आणि हजेरीपट म्हणजे नोकरीची कबुली. विम्याचे गाडे अडते ते पैशावर नव्हे, ह्या कबुलीवर.

असाच खेळ पडद्यावर करणारे लोक आहेत. मुंबईच्या चित्रपटधंद्यात उड्या मारणारे, मोटारी उलटविणारे लोक संघटित झाले. १९८१ साली चित्रपट कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला आणि लेखी कराराशिवाय काम देऊ नये असे त्यात ठरले. तरी त्यांचेही सारे सुरळीत आहे असे नाही. २०२५ च्या जुलैत एका तमिळ चित्रपटाच्या चित्रीकरणात मोटार उलटविण्याच्या प्रसंगात असा एक कसबी माणूस मृत्यू पावला, आणि विम्याचा प्रश्न पुन्हा वर आला. पण निदान प्रश्न वर येतो! जत्रेतला माणूस पडतो तेव्हा दुसऱ्या दिवशी पाळणा फिरतच असतो.

प्रेक्षकांनीही हा प्रश्न परक्याचा समजू नये. ८ सप्टेंबर १९१२ रोजी अमेरिकेत न्यूअर्क येथे लाकडी फळ्यांच्या उभारलेल्या वाटेवर मोटारसायकलींची शर्यत चालली असता एडी हाशा ह्या प्रसिद्ध स्वाराची गाडी कठड्यावर आदळली. तो आणि दुसरा एक स्वार तर गेलेच, पण कठड्याशी वाकून पाहणारे प्रेक्षकही मेले. त्यांत कोवळी मुले होती. ज्या बोल्टवर स्वाराचा जीव टांगलेला असतो, त्याच बोल्टवर आपण आणि आपली मुले उभी असतो.

१९२३ चा तो कायदा शंभर वर्षांहून अधिक काळ चालला. त्यातला भरपाईचा भाग आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. हक्क सोडण्याचा करार निरर्थक, हे तत्त्व तिनेही राखले आहे. म्हणजे मालकाच्या पेटीतला कागद आजही कागदच आहे.

शेवटी, आपल्या हाती काय आहे ते सांगतो. खेळाला मैदान देते ती आपल्या गावची यात्रा कमिटी, आपली नगरपालिका. परवाना लागतो तो पोलिसांचा. मैदानाचे भाडे ठरविताना आपण विजेची वायरिंग विचारतो, आग विझविण्याची सोय विचारतो. त्याच वेळी दोन कागद आणखी मागावे: एक, माणसांच्या नावांचा आणि पगाराचा हजेरीपट, दुसरा, त्या नावांवर उतरविलेला कामगार भरपाईचा विमा. हे दोन नसतील तर मैदान नाही. मालक म्हणेल, परवडत नाही. समजा, दिवसाला हजार तिकिटे खपतात. तिकिटामागे एक रुपया बाजूला काढला तर दिवसाला हजार रुपये होतात. तो रुपया तुमच्याआमच्या खिशातून जाईल. जावा. त्याचा जीव टांगणीला लागलेला पाहण्यासाठी आपण तिकीट काढतो. मग त्याच्या मुलांच्या भाकरीसाठी एक रुपया देणे हे दान नव्हे, तो त्या खेळाच्या किमतीचाच भाग आहे.

लोखंड्यांनी १८८४ साली जे मागितले ते गिरणी कामगाराला चाळीस वर्षांनी थोडेफार मिळाले. मौत का कुआँतल्या माणसाला ते कायद्याने देऊ केले आहे. पण त्याच्या हातात ते अजून पडलेले नाही. त्या बाईची मुले आता मोठी झाली आहेत. थोरला एका वर्कशॉपात फिटर आहे आणि आमच्या युनियनचा सभासद आहे. वर्गणी भरावयास येतो तेव्हा तो मला 'काका' म्हणतो. त्याच्या आईच्या प्रश्नाचे उत्तर मी त्याला सांगितले आहे. एक लाख ब्याऐंशी हजार नऊशे ऐंशी रुपयांची बाकी मात्र माझ्या खाती तशीच राहिली आहे. पुढच्या चैत्रात मैदानावर विहीर उभी राहील, तेव्हा तशीच बाकी आणखी कोणाच्या खाती चढू नये, एवढ्यासाठी आपला वेळ घेतला.